गाढवाचा ब, गाईचा व

आपल्याकडे श्रुतलेखन चालू असताना ‘पोटफोड्या ष की शेंडीफोड्या श?’ असा पुकारा मागच्या बाकावरून हमखास होतो. तसाच एक प्रश्न स्पॅनिश बोलणाऱ्या मुलुखांतील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आला आहे, आणि तो म्हणजे ‘गाढवाचा ब की गाईचा व?’ त्या भाषेत गाढवाला ‘बुर्रो’ म्हणतात आणि गाईला ‘बाका’. परंतु ही गाय लिहावयाची झाली म्हणजे ‘व’ने लिहावी लागते, आणि दोन्ही अक्षरांचा ध्वनी एकच, तोही दोन्ही ओठांनी काढलेला, असल्यामुळे नुसत्या कानावर विसंबून लिहिणाऱ्या मुलाला अक्षराच्या ओळखीसाठी जनावराची साक्ष काढावी लागते. हाच मुलगा पुढे इंग्रजी शिकू लागला की ‘बेरी’ हे फळ आणि ‘व्हेरी’ हे क्रियाविशेषण त्याच्या मुखातून एकाच वेषात बाहेर पडतात. आणि मग त्याचा शिक्षक बोबडी वळवणाऱ्या वाक्यांचा आश्रय घेतो.

हा उपाय त्या मुलाला परका नसतो. अशा वाक्यांना स्पॅनिशमध्ये ‘त्राबालेंग्वास’, म्हणजे जिभेला घातलेला खोडा, असे समर्पक नाव आहे, आणि गव्हाच्या शेतात गहू गिळणाऱ्या तीन दुःखी वाघांचे वाक्य तर तेथे इतके सर्वतोमुखी आहे की क्यूबाचे कादंबरीकार गिलेर्मो काब्रेरा इन्फांते यांनी 1967 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीला त्याचेच पहिले तीन शब्द नाव म्हणून दिले. स्पॅनिश मुलांच्या जिभेवर सर्वांत उशिरा बसणारा ध्वनी म्हणजे थरथरता ‘र्र’. ‘पेरो’ म्हणजे ‘परंतु’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’, तेव्हा तो टाळूनही भागत नाही. आणि तो घटवून घेण्यासाठी साखरेने लादलेल्या आगगाडीच्या डब्यांचे एक खडखडते वाक्य तेथील घराघरांतून मुलांकडून म्हणवून घेतले जाते.

परंतु स्वभाषेतील खोडा आणि परभाषेतील खोडा यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळेच हा प्रयोग बहुधा फसतो. समुद्रकाठी शिंपले विकणाऱ्या त्या सुप्रसिद्ध मुलीचे वाक्य म्हणताना लंडनच्या माणसाचीही जीभ घसरते, पण ती घसरते दोन परिचित ध्वनींच्या क्रमात. ‘स’ आणि ‘श’ ही दोन्ही खाती त्याच्या दप्तरी मुळातच असतात, आणि घाईत फक्त एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडते. माद्रिदच्या माणसाच्या दप्तरात ‘श’चे खातेच नसते. त्यामुळे तो ‘शिप’चा ‘चिप’ करतो तेव्हा चूक जिभेची नसून कानाची असते, आणि हा कानरूपी कारकून जोवर नव्या ध्वनीची नोंद नव्या सदराखाली घेत नाही, तोवर जिभेला कितीही फर्मावले तरी ते व्यर्थ होय.

सर्वांत बिकट प्रकरण स्वरांचे आहे. स्पॅनिशमध्ये स्वर अवघे 5. इंग्लंडातील प्रमाण उच्चारात जोडस्वर धरून ते सुमारे 20 मोजले जातात. आता ‘सिक्स शीप सिट इन अ चीप शिप’ हे मी येथेच जुळवलेले वाक्य घ्या. स्पॅनिश मुखातून ते साधारणतः ‘सिक्स चिप सित इन अ चिप चिप’ असे निघेल, आणि सहा मेंढ्या, स्वस्ताई व जहाज या तिन्हींचा एकच गोळा होईल. मराठी वाचक म्हणेल, हा तर पहिल्या-दुसऱ्या वेलांटीचा प्रश्न! तसा तो आहेही, पण केवळ तेवढाच नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत आपण मुख्यतः काळाचा भेद मानतो. ‘शिप’ म्हणताना मात्र जीभ किंचित खाली उतरून सैल पडते, आणि ‘शीप’ म्हणताना ती वर चढून ताणली जाते, ओठही थोडे फाकतात. म्हणून ‘जरा लांबवून म्हण’ एवढाच उपदेश करणारा शिक्षक विद्यार्थ्याला लांबट ‘चीप’ तेवढा शिकवतो. हाती लहान आरसा दिला, तर फाकलेल्या आणि सैल ओठांतला फरक त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसतो. ‘व्हेरी’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकले की नाहीत, हेही तोच आरसा सांगतो.

शिवाय ‘स्पॅनिश भाषक’ हा काही एकजिनसी प्राणी नव्हे. ब्वेनोस आयरेसचा रहिवासी ‘मी’ या अर्थाच्या ‘यो’चा उच्चारच ‘शो’ असा करतो, तेव्हा त्याच्यापुढे शिंपलेवालीला उभे करणे म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहणे शिकवणे. जिभेचे टोक दातांत धरून काढावयाचा ‘थ’सारखा घर्षक ध्वनी माद्रिदकराला ‘सिएलो’, म्हणजे आकाश, या शब्दात आयताच लाभलेला असतो, मेक्सिकोच्या माणसाला तो नवा असतो. आणि आपण त्याजागी महाप्राण ‘थ’ ठोकून मोकळे होतो, हे कबूल केलेले बरे. शिक्षकाने प्रथम विद्यार्थ्याचे गाव विचारावे आणि मग वाक्य निवडावे.

‘प’ने ठासून भरलेल्या पीटर पायपरच्या इंग्रजी वाक्याची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. लंडनमध्ये 1813 साली जॉन हॅरिस या प्रकाशकाने काढलेले त्याच्या नावाचे पुस्तक हे वस्तुतः शुद्ध उच्चारांचेच बालपुस्तक होते. वर्णमालेतील अक्षरागणिक त्यात असे एकेक वाक्य होते. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून ‘पीटर’ म्हणावे : इंग्रजाची पट्टी हलते, स्पॅनिश माणसाची स्तब्ध राहते, आणि आपल्या ‘प’नेही ती फारशी हालत नाही, ‘फळ’ म्हटले तरच फडफडते. आरंभीच्या इंग्रजी ‘प’चे स्थान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, हे व्याख्यानापेक्षा ती पट्टी लवकर पटवते.

अशा वाक्यांचे मोल त्यांच्या वेगात आहे, हा समज मात्र मला साफ नामंजूर आहे. ‘स्पॅनिश स्टुडंट्स स्टडी स्टार्स’ हे वाक्य घाईने म्हणवले, की शाळेला ‘एस्कुएला’ म्हणणारी जीभ प्रत्येक ‘स’च्या आधी आपला वडिलोपार्जित ‘ए’ बसवणारच. तेच सापासारखा लांब ‘स्‌स्‌स्’ सोडून, त्या फूत्कारालाच पुढचा ‘ट’ जोडावयास लावले, तर त्या ‘ए’ला शिरकाव करावयास फटच उरत नाही. वेग अखेरीस यावा, आणि तोही मौजेखातर. कारण त्या वेळी शिक्षकाचीही बोबडी वळते, आणि आठवडाभर ओशाळलेला वर्ग प्रथमच मोकळेपणी हसतो.

गंमत अशी की, इंग्रजी उच्चारांच्या घोकंपट्टीतले सर्वांत गाजलेले वाक्य स्पेनमधल्याच पावसाविषयी आहे. शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकात, ज्यावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ रचली, ते मुळात नव्हते. त्या नाटकावरच्या 1938 च्या चित्रपटात ते आले, आणि ‘माय फेअर लेडी’ने जगभर नेले. स्पेनचा पाऊस मैदानात पडतो असे ते सांगते, वास्तविक मधले पठार कोरडे असून पाऊस उत्तरेच्या किनाऱ्यावर पडतो. पण नाटकातल्या फुलवालीच्या तोंडचा ‘आय’ मोडून तेथे ‘ए’ बसवावयाचा असल्यामुळे भूगोलाला रजा मिळाली. ‘माय फेअर लेडी’ हा चित्रपट स्पॅनिशमध्ये उतरवताना या ‘ए’चा काहीच उपयोग उरला नाही. तेव्हा भाषांतरकाराने स्पॅनिशमधल्या जोड ‘एल’च्या उच्चाराची कसरत होईल असे शब्द शोधले, आणि पाऊस उचलून थेट सेव्हिलला नेला.