मैदानाचा तास आणि मुख्याध्यापक

वाचकहो, आपल्या मुलाच्या शाळेचे वेळापत्रक आपण कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? शारीरिक शिक्षणाचा तास त्यात असतोच. परंतु परीक्षा जवळ आली की गणिताला लागणारा जादा वेळ बहुधा याच तासातून काढला जातो. व्यायामाचे महत्त्व अमान्य करणारा मुख्याध्यापक विरळाच. त्याचे खरे मत मात्र भाषणात नव्हे, तर वेळापत्रकातील त्या एका चौकटीत वाचावे लागते.

बंगळूरचेच उदाहरण घेऊ. सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहराची हवा खेळाला अनुकूल आहे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा येथे झाल्या. प्रकाश पदुकोण याच शहराचे. मराठी घरातील राहुल द्रविड येथील सेंट जोसेफ शाळेत शिकले. त्यांच्या मातोश्री वास्तुशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. कसोटी सामन्यांत १३,२८८ धावा करणाऱ्या या खेळाडूने वाणिज्य शाखेची पदवीही संपादन केली. खेळ आणि अभ्यास यांचे वैर नाही, हे सांगण्यास आणखी कोणता दाखला हवा?

तथापि मुख्याध्यापकांच्या अडचणी खोट्या नाहीत. शहर वाढले, जमीन महाग झाली आणि चार भिंतींत भरणाऱ्या शाळेला अंगणही दुर्मिळ झाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ साली नववी ते बारावीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा रोज एक तास सक्तीचा केला. पण नियम कागदावर उतरला म्हणजे मुले मैदानावर उतरतात, असे नाही. त्यासाठी जाणता शिक्षक लागतो. ही गरज जुन्या मुंबई प्रांताने फार पूर्वी ओळखली होती. म्हणूनच १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षणसंस्था निघाली.

जागा अपुरी असली तरी मार्ग खुंटत नाही. दोरीवरच्या उड्या, लंगडी आणि सूर्यनमस्कार यांना विस्तीर्ण मैदान लागत नाही. वर्गांच्या वेळा वाटून दिल्या, तर लहानसे अंगणही दिवसभर उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी. परंतु जगातील ११ ते १७ वयाच्या दर पाच मुलांपैकी चौघांना तेवढी घडत नाही, असे तिच्या २०१९ च्या पाहणीत दिसून आले.

येथेच मुख्याध्यापकाच्या दृष्टीची कसोटी लागते. कार्यालयातील कपाटात मांडलेले चषक निवडक अकरा मुलांनी मिळवलेले असतात. उरलेली मुले त्या वेळी कोठे होती? शारीरिक शिक्षणाचा तास विजेत्यासाठी नसून, धावताना दम लागणाऱ्या आणि संघात कोणीही न निवडणाऱ्या मुलासाठी आहे. त्याचा विचार करणारा मुख्याध्यापकच या विषयाचे मर्म जाणतो.

आणि पालकहो, थोडा दोष आपलाही आहे. पालकसभेत आपण गुणांची चौकशी करतो. मैदानाची करीत नाही. पुढच्या सभेत एवढेच विचारा : “या आठवड्यात माझे मूल किती वेळ खेळले?” हा प्रश्न पुष्कळ पालकांनी विचारला, म्हणजे तो तास गणिताला देण्यापूर्वी मुख्याध्यापक दोनदा विचार करतील.