लाल विंचवाच्या विषाचे वजन

सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू यांची नोंद सक्तीची करावी, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यांना सुचवले, हे योग्यच झाले. मात्र ही सूचना सर्पदंशापुरती आहे. विंचूदंश तिच्याबाहेर राहिला, आणि ज्या महाडमधून विंचूदंशाचा आधुनिक उपचार जगभर पोचला त्या महाड-पोलादपूरच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे.

डॉ. हिंमतराव बावसकर 1976 मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू डसलेला रुग्ण गंभीर झाल्यावर हाती फारसे काही उरत नसे. उलट्या, दरदरून घाम, बर्फासारखे गार पडलेले हातपाय आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी साचून लागलेली धाप हा क्रम त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपला आणि 1982 मध्ये ‘द लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला. विषामुळे चेताटोकांतून ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदय थकते, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे तोंडाने घ्यायचे औषध वापरले. गंभीर रुग्णांमध्ये पूर्वी 30 ते 40 टक्के सांगितला जाणारा मृत्युदर त्यामुळे एका टक्क्याच्या आसपास उतरला. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचा वाटा बरोबरीचा आहे.

प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते, विष मात्र शरीरात तसेच राहते. ते निकामी करण्यासाठी प्रतिविष हवे, आणि चांगले प्रतिविष बनवायचे तर विषात नेमके काय आहे हे आधी कळायला हवे. एखाद्या पेशीतील, ऊतीतील किंवा विषातील सगळ्या प्रथिनांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या प्रोटिओमिक्स या शाखेचे काम येथे सुरू होते, आणि तिचे मुख्य साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, अर्थात रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र. वाळवलेले विष विरघळवून ट्रिप्सिन या विकराने त्यातील प्रथिनांचे ठरावीक जागी तुकडे करतात. ते तुकडे बारीक नळीतून वेगळे करून, त्यांना विद्युतभार देऊन निर्वातात सोडतात आणि प्रत्येकाचे वस्तुमान व भार यांचे गुणोत्तर नोंदवतात. निवडलेला तुकडा वायूच्या रेणूंवर आदळवून पुन्हा फोडला की त्यातील अमिनो आम्लांचा क्रम उलगडतो आणि प्रथिनाची ओळख पटते. नाजूक प्रथिने न मोडता त्यांना विद्युतभारित करण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, त्यावरून या टप्प्याचे महत्त्व ध्यानात येते.

कोकणासाठी या तंत्राने दिलेली सर्वांत मोलाची माहिती 2007 मधली आहे. ब्रिटनमधील पीटर स्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकणच्या दमट पट्ट्यातील आणि दख्खनच्या कोरड्या पठारावरील लाल विंचवांच्या विषाची वस्तुमाने ताडून पाहिली, तेव्हा प्राण्याची जात एकच असूनही दोन्ही विषांतील पेप्टाइडांची, म्हणजे लहान प्रथिनांची, जुळणी वेगळी निघाली. घाटाच्या वरचा आणि घाटाखालचा विंचू एकच मानून चालणार नाही, असा त्याचा अर्थ होतो.

पुढची कडी तेजपूर विद्यापीठातील आशिष मुखर्जी यांनी जोडली. सापांच्या विषावर दीर्घकाळ संशोधन केलेल्या या शास्त्रज्ञाच्या गटाने 2020 मध्ये लाल विंचवाच्या विषात 13 कुलांतील 110 प्रथिने ओळखली आणि त्यांत सोडियम व पोटॅशियम आयनांच्या पेशीपटलावरील मार्गिकांवर हल्ला करणाऱ्या लहान विषद्रव्यांचे प्राबल्य दाखवून दिले. हेच रेणू चेतासंस्था भडकवतात, म्हणजे बिरवाडीत दिसलेल्या लक्षणांमागचे कर्ते यंत्राने हुडकून काढले. याच विंचवाच्या विषातील आयबेरिओटॉक्सिन अवघ्या 37 अमिनो आम्लांचे आहे. प्रतिविष बनवण्यासाठी घोड्याला विष टोचतात, पण एवढ्या लहान रेणूविरुद्ध त्याच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे विषाला निकामी करणारी प्रथिने, तयार होणे अवघड असते, आणि बाजारातील प्रतिविष अशा लहान विषद्रव्यांना नीट ओळखत नाही, असाच या गटाचा निष्कर्ष आहे.

यावरून प्रतिविष कुचकामी ठरते, असे कोणी म्हणू नये. बावसकरांनी महाडमध्ये 70 रुग्णांवर घेतलेली आणि 2011 मध्ये ‘बीएमजे’ने प्रसिद्ध केलेली चाचणी स्पष्ट आहे: प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 रुग्ण दहा तासांत पूर्ण सावरले, तर नुसते प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8. प्रतिविष उपयोगी पडते आणि तरीही ते अपुरे आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. यंत्र सुधारणेची जागा दाखवते आणि त्या सुधारणेचा रुग्णाला किती लाभ झाला हे दवाखाना सांगतो.

म्हणूनच कोकणातील विंचवाचे विष स्वतंत्रपणे गोळा करून प्रतिविषाची प्रत्येक खेप त्यावर पारखली जावी, लहान विषद्रव्यांविरुद्धची प्रतिपिंडे वाढवण्यासाठी संशोधनाला पैसा मिळावा आणि महाड-पोलादपूरच्या आरोग्य केंद्रांतील रुग्णनोंदी प्रयोगशाळांच्या निष्कर्षांशी जोडल्या जाव्यात. पेंढा उपसताना किंवा दगड उचलताना ज्यांना विंचू डसतो, ते शेतकरी आणि मजूर औषधांच्या बाजारपेठेला किफायतशीर वाटत नाहीत; त्यामुळे हे काम सार्वजनिक संस्थांनीच अंगावर घेतले पाहिजे.