दुबईची गाडी भंडाऱ्यात येईल का?
आखातातली नोकरी सोडून तुमसर-साकोलीकडे कायमचं परतायचं ठरलं, की गाडीचा प्रश्न येतोच. फ्रिज-टीव्ही सामानात आणता येतात, गाडी नाही. १९६२च्या सीमाशुल्क कायद्याने मोटारगाडी प्रवाशाच्या सामानातून वगळली आहे. तिची आयात वेगळी करावी लागते. आणि दुबई-कुवेतच्या गाडीचं घोडं इथेच अडतं: तिचं स्टिअरिंग डावीकडे, आपल्याला हवं उजवीकडे. ब्रिटनची गाडी त्यात पास होईल, पण वेगाचा काटा मैलांत! तो किलोमीटरमध्ये हवा. शिवाय वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि ती उतरवायची मुंबई बंदरातच. वर जबर शुल्क. बहुतेकांनी ती तिकडेच विकून यावं, हे बरं.

बालाघाटहून भंडाऱ्याला बदली झालेल्याचं त्या मानाने सोपं. एमपी-५०ची गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची, तर बालाघाटच्या आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणायचं, इथे रोड टॅक्स भरायचा आणि एमएच-३६चा नंबर घ्यायचा. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्यांसारख्या बदलीच्या नोकरदारांना २०२१पासून ‘बीएच’ मालिकेचा पर्याय आहे. त्या नंबरला राज्य बदललं तरी नवी नोंदणी लागत नाही.