बुडबुडे हवेत, पण खळबळ नको!

शाळेच्या प्रयोगशाळेतील किंवा घरातील मत्स्यपेटीतले मासे कधी कधी पहाटेच्या वेळी पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करताना दिसतात. ते भुकेले आहेत असे समजून पुष्कळजण त्यांना जास्त खाद्य घालतात. वास्तविक ते प्राणवायूसाठी वर आलेले असतात. मग कोणीतरी हवेचा पंप आणतो आणि तो पूर्ण जोराने सुरू करतो. पेटीतले पाणी घुसळून निघते आणि मासे कोपऱ्यात दडून बसतात. प्राणवायू पुरेसा मिळावा, पण पाणी संथ राहावे, हे कसे साधायचे? त्यासाठी प्राणवायू पाण्यात कोठून शिरतो ते आधी पाहू.

तुटपुंजा साठा

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. उलट २५ अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. म्हणजे माशाच्या वाट्याला आपल्या मानाने तीसपटींहून कमी प्राणवायू येतो. पाणी तापले की हा साठा आणखी घटतो. २० अंशांना तो ९.१ मिलिग्रॅम असतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मासा शीतरक्ताचा प्राणी असल्यामुळे पाणी तापले की त्याच्या शरीरातील क्रिया जलद होतात आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. उन्हाळ्यात अशी दुहेरी ओढाताण होते.

पाणवनस्पती दिवसा प्रकाशात प्राणवायू सोडतात, पण रात्री त्यांचे फक्त श्वसन चालू असते. म्हणून पहाटे साठा सर्वांत कमी होतो. न खाल्लेले अन्न कुजू लागले की जीवाणूही प्राणवायू वापरतात. त्यामुळे धापा टाकणाऱ्या माशांना खाद्य घालणे म्हणजे त्यांच्या अडचणीत भर घालणेच होय.

पाण्याचे दार कोठे आहे?

प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. समजा, ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच अशी एक पेटी आहे. तिच्यात ५४ लिटर पाणी मावते आणि पृष्ठभाग १,८०० चौ. सेंमी. असतो. हीच पेटी उभी केली, तर पाणी ५४ लिटरच राहील, पण पृष्ठभाग ९०० चौ. सेंमी. होईल. म्हणजे दार निम्म्याने लहान झाले! म्हणून उंच पेटीपेक्षा पसरट पेटी चांगली. पृष्ठभागावर तेलकट साय किंवा धूळ साचली, तरी हे दार अडते.

दारातून आत आलेला प्राणवायू तळापर्यंत आपोआप पोचत नाही. स्थिर पाण्यात त्याचे रेणू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात. म्हणून वरचे पाणी खाली आणि खालचे वर जाणे आवश्यक असते. बुडबुड्यांचे खरे काम हेच आहे. ३० सेंमी खोल पाण्यातून बुडबुडा एकदोन सेकंदांत वर येतो. तेवढ्या वेळात त्यातला थोडाच प्राणवायू विरघळतो. पण वर येताना तो तळचे पाणी आपल्याबरोबर ओढून आणतो आणि पृष्ठभाग हलता ठेवतो.

जोर का वाढवू नये?

पाणी प्राणवायूने संपृक्त होऊ लागले की हवेतून आत येणाऱ्या प्राणवायूचा वेग मंदावतो, आणि संपृक्त झाले की थांबतो. त्यानंतर पंपाचा जोर कितीही वाढवला तरी साठा वाढत नाही. वाढतो तो फक्त प्रवाह. प्रवाहात जागच्या जागी राहण्यासाठी माशाला सतत पोहावे लागते, आणि पोहणारे स्नायू प्राणवायूच खर्च करतात. वेगवान नदीत राहणाऱ्या महसीरला हे जमते. थायलंडमधील भातखाचरांच्या संथ पाण्यातून आलेल्या, लांब पंखांच्या फायटर माशाला ते झेपत नाही. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो आणि तेथेच बुडबुड्यांचे घरटे बांधतो. खळबळीत ते घरटे मोडते.

उपाय

पहिला उपाय म्हणजे बुडबुडे बारीक करणे. ४ मिमी. व्यासाच्या एका बुडबुड्यातील हवेचे १ मिमी. व्यासाचे ६४ बुडबुडे होतात, आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ चौपट भरते. म्हणून नळीच्या टोकाला सच्छिद्र हवादगड किंवा स्पंजाची गाळणी लावावी. ती एका कोपऱ्यात, वनस्पतींच्या आड ठेवावी, म्हणजे उरलेली पेटी शांत राहते. नळीवर झडप बसवून हवा हवी तेवढी कमी करता येते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात शिरते.

गाळणीतून पाणी जोराने येत असेल, तर तोंडाला भोके पाडलेली आडवी नळी जोडावी. ताशी २०० लिटर पाणी १ चौ. सेंमी. तोंडातून सेकंदाला सुमारे ५५ सेंमी वेगाने बाहेर पडते. तेच पाणी एकूण १० चौ. सेंमी. भोकांतून सोडले, तर वेग साडेपाच सेंमीवर येतो. पाणी तेवढेच, पण धक्का दहापट कमी!

करून पाहा

एका काडीला शिवणाचा दोरा बांधून तो पेटीत निरनिराळ्या जागी धरा. दोरा जेथे आडवा होतो तेथे प्रवाह जोराचा, जेथे सरळ लोंबतो तेथे पाणी संथ. मासे विश्रांतीला कोठे जातात तेही पाहा. मग पहाटे आणि दुपारी एकाच माशाच्या कल्ल्यांची झाकणे मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजा आणि पाण्याच्या तापमानासह वहीत नोंदवा. आकडा एकाएकी वाढला, तर मासा संकटात आहे असे समजावे.

वीज बराच वेळ गेली, तर पेटीतलेच पाणी पेल्यात घेऊन थोड्या उंचीवरून, बारीक धारेने परत पेटीत ओता. दर काही मिनिटांनी असे करत राहा आणि त्या दिवशी खाद्य देऊ नका. पंप नसतानाही एवढ्याने मासे तगू शकतात.