शुक्रवार साडेसहा ते सोमवार साडेनऊ

नोकरी सांभाळून वीकेंडला भटकायचंय? मग आधी यादी लहान करा! नागपूरहून चंद्रपूर आणि तिथून वडसा, असा हा दोन दिवसांचा बेत. त्यात आहे एक कोट, एक नाटक, एक मावशी आणि भरपूर झोप.

आमच्या फ्लॅटवर फ्रिजला एक कागद चिकटवलाय. त्यावर माझ्या रूममेटने जाड मार्करने एकच आकडा लिहिलाय – ६३. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ती मिहानमधल्या ऑफिसातून सुटते आणि सोमवारी सकाळी साडेनऊला पुन्हा लॉगइन करते. मधले तास ६३. त्यातली तीन रात्रींची झोप वजा करा, उरले ३९. त्यात कपडे धुणं, आईचा फोन, पार्लर आणि आठवडाभराचा किराणा. आता यात फिरायचं कधी, सांगा!

मी फ्रीलान्सर. माझ्या आयुष्यात सोमवार आणि शनिवार दिसायला सारखेच. त्यामुळे 'चल ना यार, कुठेतरी जाऊ' हे म्हणणारी कायम मी आणि 'वेळ कुठंय?' म्हणणारी कायम ती.

सहाशे किलोमीटरचा धडा

मागच्या हिवाळ्यात आम्ही जोरदार प्लॅन केला होता. शुक्रवारी रात्री ताडोबा, शनिवारी सकाळी सफारी, दुपारी थेट हेमलकसा, रविवारी येताना आनंदवन. कागदावर सगळं मस्त बसत होतं. प्रत्यक्षात सफारीत वाघ दिसला नाही. दुपारी निघालो ते आलापल्लीला पोहोचेपर्यंत अंधार पडला. तिथून हेमलकसा अजून पुढे, जंगलाचा रस्ता, दोघीही ड्रायव्हिंगला कंटाळलेल्या. तिथूनच परत फिरलो. आनंदवनचं फाटक रविवारी गाडीच्या काचेतून पाहिलं. मीटरवर सहाशेच्या आसपास किलोमीटर आणि फोनमध्ये झाडांचे चाळीस हललेले फोटो!

सोमवारी काय झालं? क्लायंटच्या कॉलवर, कॅमेरा सुरू असताना, मॅडमना डुलकी लागली. मॅनेजरने सगळ्यांसमोर नावाने हाक मारली. त्या रात्री तिने राजीनाम्याचा मेल लिहिला आणि ड्राफ्टमध्ये ठेवून दिला. पाठवला नाही, खोडलाही नाही. पुढे वर्षभर कुठे जायचं नाव काढलं की ती म्हणायची, "त्यापेक्षा झोपते."

चूक जंगलाची नव्हतीच. चूक आमच्या यादीची होती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तो माडिया गोंडांच्या मुलखात, जिथे कोणी पोहोचत नव्हतं तिथे. अशी जागा दोन दिवसांच्या सुट्टीत कोंबायची नसते. तिथे जायचं तर चार दिवसांची रजा काढून, आधी कळवून जावं.

यंदाचा फंडा : एक शहर, एक रात्र

या वेळी निमित्त झालं तिच्या मावशीचं. मावशीचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडशाजवळ. गावात दरवर्षी हिवाळ्यात नाटक होतं. झाडीपट्टीत नाटक म्हणजे लेकी-जावयांना, पाहुण्यांना रीतसर आवतण असतं. चार वर्षं मावशीचा फोन येत होता आणि चार वर्षं आमच्या मॅडमचं एकच उत्तर – सुट्टी नाही. यंदा नाटक नेमकं शनिवारी आलं. मावशी फोनवर एवढंच म्हणाली, "आता तं शनिवार आहे. आता काय सांगशील?"

मग आम्ही तीन नियम केले. एक, गाडी न्यायची नाही. दोन, दिवसाला एकच ठिकाण. तीन, रविवारी अंधार पडायच्या सुमारास नागपुरात.

शनिवार सकाळ : चांद्याचा कोट

शुक्रवारी संध्याकाळी बॅगा घेऊनच ती ऑफिसात गेली. तिथून स्टेशन, रात्री चंद्रपूर, बस स्टँडजवळचं साधं लॉज, झोप. हा या बेतातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. शनिवारी सकाळी निघालं की अर्धा शनिवार प्रवासात जातो. शुक्रवारी निघालात, तर शनिवारी जाग येते तीच नव्या गावात.

चंद्रपूर म्हटलं की लोक म्हणतात – कोळसा, थर्मल पॉवर स्टेशन आणि मे महिन्यातलं भाजून काढणारं ऊन. पण जानेवारीतल्या सकाळी साडेसहाला पठाणपुरा दरवाजापाशी उभे राहा. दगडी कमानीच्या बाजूला हत्तीवर झेपावणारा सिंह कोरलेला दिसेल. हे गोंड राजांचं चिन्ह. भोवती धुकं, एक चहाची टपरी आणि कमानीतून सायकलवर शाळेला निघालेली पोरं. चारशे-पाचशे वर्षं जुन्या दरवाजातून रोज ट्रॅफिक जातं, हे या शहराचं खरं वैशिष्ट्य!

सुमारे ११ किलोमीटरचा हा परकोट. त्याला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. कोटाची गोष्टही फार गोड आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाला त्वचेचा आजार होता, झरपटच्या पाण्याने तो बरा झाला असं सांगतात. त्याच भागात त्याने एक अजब दृश्य पाहिलं. त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे एक ससा लागला होता! ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेने राणीच्या सल्ल्यावरून कोट बांधायचं ठरलं, अशी दंतकथा. खरीखोटी देव जाणे, पण रोज डेडलाइनच्या पुढे पळणाऱ्या माणसाला तो उलटा फिरलेला ससा एकदम जवळचा वाटतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा कोट झाडाझुडपांत आणि कचऱ्यात हरवला होता. २०१७मध्ये 'इको-प्रो' या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी श्रमदान करून तो साफ करायला घेतला. आज बुरुजांवर चढून चालता येतं, ते त्यांच्यामुळे. आम्ही सगळा कोट फिरलो नाही. जेमतेम दोन किलोमीटर चाललो आणि एका बुरुजावर अर्धा तास नुसत्या बसलो.

मग पोहे आणि तर्री. नंतर अंचलेश्वर मंदिर आणि त्याला लागूनच असलेल्या गोंड राजांच्या समाध्या. त्यात बीरशहाची समाधी सगळ्यात देखणी, राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधलेली. ताजमहालाची गोष्ट शाळेत सगळ्यांना शिकवतात, बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी मात्र नागपुरातल्यासुद्धा किती जणांना माहीत असते? मला नव्हती. दीडशे किलोमीटरवर राहून!

शनिवार रात्र : पडदा उघडतो रात्री, पडतो पहाटे

इथे एक टीप नीट वाचा. चंद्रपूरला दोन स्टेशनं आहेत. नागपूरची गाडी येते ती 'चंद्रपूर'ला आणि गोंदियाकडे जाणारी सुटते 'चांदा फोर्ट'वरून. आमच्यासारखं चुकीच्या स्टेशनवर बाकावर बसून शेंगदाणे खाऊ नका. ऑटोवाल्याने वेळेत पोहोचवलं म्हणून वाचलो. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी असं करत गाडी जंगलातून आणि धानाच्या मोकळ्या बांध्यांतून जाते. मग वैनगंगेचा पूल. पूल ओलांडला की आलं वडसा. चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत आपलं स्वागत आहे!

वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. नाटक कंपन्यांची ऑफिसं इथे. दिवाळीनंतर धान घरात आलं की सीझन सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. पूर्व विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या गावागावांत या काळात रात्र रात्र नाटकं चालतात. कित्येकदा दिवसा शंकरपट, रात्री नाटक. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. २०२२च्या 'झॉलीवूड' सिनेमात ही दुनिया दिसली होती, पण थंडीत गोधडी पांघरून ती पाहण्याची मजाच वेगळी.

मावशीने आधी पोटभर जेवू घातलं, मग दोघींच्या हातात एकेक गोधडी दिली. मंडपात पुढे खाली बसायची तिकिटं, मागे खुर्च्या. शेजारी चहा, भजी, खेळणी, बांगड्या. रात्री अकराच्या सुमारास पडदा उघडला. कर्जात बुडालेला बाप, दारुडा भाऊ, शिकलेली सून, मधूनच दणदणीत गाणं. शहरी चष्म्यातून पाहिलं तर 'जरा जास्तच' वाटावं. पण बारा वाजता माझ्या शेजारची आजी खळखळून हसत होती आणि दोन वाजता पदर डोळ्याला लावून रडत होती. माझी रूममेट? तीही रडत होती. वर्षभरात तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या डुलकीच्या दिवशीसुद्धा नाही.

मध्यंतरात मी रंगमंचामागे डोकावले. नायिकेची भूमिका करणारी मुलगी माझ्याच वयाची. उद्या दुसरं गाव, परवा तिसरं. दिवसा गाडीत झोपायचं, रात्री तोंडाला रंग. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, "सुट्टी कधी असते तुम्हाला?" ती आरशातून हसली. "आमचा शनिवार-रविवार होळीनंतर येते जी."

पहाटे नाटक सुटलं. मावशीचं घर जेमतेम दहा मिनिटांवर, चांदणं पडलेलं. आम्ही दोघी फोटो काढत पुढे निघालो, तर मावशीने दंड धरून मागे ओढलं. "एकट्या नाही जायचं. सगळे मिळून जायचं." पुढे टॉर्च, मध्ये बायका-पोरं, मागे काठी घेतलेली माणसं, असे आम्ही घरी आलो. याच वडशाच्या जंगलात ऑक्टोबर २०२२मध्ये 'सीटी-१' वाघाला पकडलं होतं. १३ माणसं मारल्याचा ठपका होता त्याच्यावर. मागच्या वर्षी वाघ दिसला नाही म्हणून आम्ही दिवसभर तोंड पाडून बसलो होतो. मावशी मात्र सरपणाला जाताना वाघ दिसू नये म्हणून देवाला हात जोडते. हे त्या दहा मिनिटांत कळलं.

रविवार : काही नाही!

रविवारी साडेदहापर्यंत झोपलो. मार्कंडा मनात होतं, वैनगंगेच्या काठावरचं कोरीव मंदिरांचं देखणं ठिकाण, विदर्भाची काशीच म्हणा. पण नियम म्हणजे नियम. त्याऐवजी अंगणात उन्हात बसलो. मावशीने सांबारवड्या तळल्या (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर!). मावशी-भाचीने चार वर्षांच्या गप्पा मारल्या. दुपारी ब्रह्मपुरीहून एसटी, साडेसात वाजता नागपूर, दहाला अंथरूण.

सोमवारी ती साडेनऊला लॉगइन झाली, जागी होती. राजीनाम्याचा ड्राफ्ट अजून तसाच आहे. दोन दिवसांच्या सुट्टीने नोकरी बदलत नाही आणि तशी अपेक्षाही नको. पण त्या संध्याकाळी फ्रिजवरच्या ६३च्या खाली तिने एक ओळ लिहिली – 'मावशीला होळीनंतर नागपूरला बोलवायचं. तिकीट मी काढणार.'

बॅग भरण्याआधी

• कधी जावं : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाटकाची तारीख आणि गाव आधी पक्कं करा, मग बाकीचा बेत. एप्रिल-मेमधलं चंद्रपूर फक्त शूरांसाठी!

• प्रवास : नागपूर–चंद्रपूर सुमारे १५० किलोमीटर, रेल्वे आणि एसटी दोन्ही सोयीचे. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. चांदा फोर्टवरून गाड्या मोजक्याच, वेळापत्रक आधी बघा.

• ताडोबा करायचंच असेल तर : तो वेगळा वीकेंड ठेवा. बुकिंग ऑनलाइन आणि बरंच आधी. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात, त्यामुळे एक सोमवार रजा टाकलीत तर खिसा आणि गर्दी दोन्ही वाचतं. मंगळवारी मात्र बंद. पावसाळ्यात कोअर बंद, बफर सुरू.

• आनंदवन : बाबा आमटेंनी १९४९मध्ये वरोऱ्याजवळ उभं केलेलं हे कुष्ठरुग्णांचं गाव नागपूर–चंद्रपूर रस्त्यावरच आहे. फक्त फोटोसाठी थांबू नका. अर्धा दिवस काढून, विचारून जा.

• रात्रीचं फिरणं : जंगलालगतच्या गावात गावकरी सांगतील तेच ऐकायचं. टॉर्च घ्या, सोबतीने चाला.

• सामान : शाल, कानटोपी, पाण्याची बाटली. लॅपटॉप घरीच!