कोटेशन देण्यापूर्वी : ५०० पिनांचा हिशेब

सातपूर औद्योगिक वसाहतीतले अनेक लघुउद्योजक मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतात. दर आणि तारीख आधी कबूल करायची, काम नंतर. ५० मिमी व्यासाच्या, १०० मिमी लांबीच्या ५०० पोलादी पिनांचे हे नमुना गणित :

● माल : गोल सळईचे मीटरमागे वजन = व्यासाचा (मिमी) वर्ग भागिले १६२, म्हणजे १५.४ किलो. कटिंग-फेसिंग धरून तुकडा १०५ मिमी, वजन १.६२ किलो. एकूण ८१० किलो.

● वेळ : सेटिंग २ तास. नगाला मशीनिंग ४ मिनिटे, जॉब लावणे-काढणे १ मिनिट. बेरीज ४३ तास ४० मिनिटे.

● पाळ्या : ८ तासांच्या पाळीतून चहा, इन्सर्ट बदलणे, मापे तपासणे वजा करून साडेसहा तास धरा. कागदावरच्या ६ पाळ्या ७ होतात.

● खर्च : मशीनचा दर ताशी ४०० रुपये धरल्यास सुमारे १७,४६७ रुपये, नगामागे ३५. माल, वाहतूक, नफा, जीएसटी वेगळे.

● तारीख : अमेरिकी नौदलाने १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी घडवलेली ‘पर्ट’ पद्धत इथेही चालते. सगळे सुरळीत झाले तर ६ पाळ्या, बहुधा ७, वीज गेली किंवा ऑपरेटर गावी गेला तर १४. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन सरासरी : (६ + ४×७ + १४) ÷ ६ = ८ पाळ्या.

हीट ट्रीटमेंट बाहेर द्यायची असेल, तर तिचे पैसे आणि दिवस या हिशेबाच्या वर धरा.