सीपॅपचा अहवाल वाचताना

झोपेत श्वास अडखळू नये म्हणून घशात हवेचा दाब ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा अहवाल उघडला की नजर आधी एएचआयवर जाते. तासाभरात श्वास सरासरी किती वेळा थांबला किंवा उथळ झाला, हे हा आकडा सांगतो. किमान १० सेकंद टिकलेलाच अडथळा त्यात धरतात. उपचार चालू असताना तो ५ च्या खाली असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. एखाद्या रात्री तो ७ झाला म्हणून घाबरू नका. मद्यपानाने, उताणे झोपल्यानेही तो वाढतो. दोन-तीन आठवड्यांचा कल पाहा.

माझ्या मते त्याआधी गळती पाहावी. मास्कच्या कडेने किंवा उघड्या तोंडातून फार हवा निसटली, तर घशात पुरेसा दाब टिकत नाही आणि यंत्राची मोजणीही बिघडते. मग चांगल्या एएचआयवरही विसंबता येत नाही. उच्छ्वासासाठी मास्कला मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांतून सुटणारी हवा काही कंपन्या वजा करतात, काही करत नाहीत. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

यंत्र मेंदूच्या लहरी मोजत नाही. म्हणून अहवालातले 'वापराचे तास' म्हणजे झोपेचे तास नव्हेत. मास्क लावून जागे राहिलात, तरी ते तास भागाकारात येतात आणि एएचआय कमी दिसू शकतो.

'सेंट्रल' नोंदी वेगळ्या काढून वाचा. त्यात घसा उघडा असतो, पण श्वास घेण्याचा संदेशच मेंदूकडून येत नाही. अशा वेळी दाब वाढवून उपयोग होत नाही, कधी उलट त्रास वाढतो. त्या वाढू लागल्या तर सेटिंगला हात न लावता अहवाल डॉक्टरांना दाखवा.